वाडीचं आज आणि वाडीचं उद्या

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांच्या मेळाव्यात, ऑक्टोबर २००८ मध्ये, वाडी कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. ज्या वाड्यांतून माणसं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत. वाडीत एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



पाऊस उघडला आहे. वरी कापून झाली, नाचणी कापणीला आली. दिवाळी तोंडावर आहे. म्हणजे वीटभट्टीच्या मुकादमाचा माणूस वाडीत दोन फेऱ्या मारून गेला असणार. काही घरांनी उचल घेतलीसुद्धा असेल. आणि नेमक्या याच वेळेला वनहक्काचे दावे भरायचं काम चालू आहे. या दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्यात, म्हणून आज हा मेळावा घेतला. दिवाळीनंतर घेतला असता तर समोर म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच बसली असती.

आम्ही आज कुठल्या एका वाडीचं नाव घेणार नाही. पेणच्या डोंगरातली कुठलीही ठाकरवाडी घ्या, रोह्याकडची कुठलीही कातकरवाडी घ्या, गोष्ट तीच आहे. आपली वाडी आज कशी जगते आणि उद्या ती जागेवर राहील की नाही, एवढंच बोलायचं आहे.

वाडी म्हणजे काय

तीस-चाळीस घरं. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर कुठे पेंढा, कुठे कौलं, कुठे पत्रा. डांबरी रस्ता खालच्या गावापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. पुढे पायवाट, मध्ये ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की वाडी तुटली. बाळंतीण अडली किंवा कुणाला सर्प चावला तर चादरीची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि चौघांनी खांद्यावर घेऊन उतरायचं. खाली उतरल्यावर गाडी मिळेल तेव्हा मिळेल.

मुंबई-गोवा हमरस्ता आपल्या पायथ्यानं जातो. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड सगळं रस्त्यावर. पेणवरून रोह्याला रेल्वे आली, रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. नागोठण्याला मोठा केमिकलचा कारखाना, रोह्याला धाटावची एमआयडीसी. रात्री डोंगरावर उभं राहिलं तर खाली सगळे दिवे दिसतात. म्हणजे आपण काही जगाच्या टोकाला राहत नाही. मुंबई इथून शंभर किलोमीटरसुद्धा नाही. तरीपण वाडी लांबच राहिली. अंतर किलोमीटरचं नाही, कागदाचं आहे. खालच्या गावाला नाव आहे, गावठाण आहे, सातबारा आहे. वाडीला काय आहे? कुणाच्या तरी सर्वे नंबरात उभी असलेली घरं, एवढीच तिची नोंद, तीपण असेल तर.

वर्षाचा हिशेब

वैशाखात राब भाजतो. टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. मिरग पडला की त्या भाजलेल्या जागेत नाचणी-वरीचं बी टाकायचं, रोप झालं की उतारावर लावायचं. उतार असा की बैल उभा राहत नाही, तिथे बाई वाकून दिवसभर लावणी करते. बांधाच्या कडेला तूर, उडीद. काही वर्षं पीक घेतलं की जमीन दमते, तिला विसावा द्यायचा आणि शेजारचा तुकडा घ्यायचा. शिकलेले लोक म्हणतात ही मागासलेली शेती. आम्ही विचारतो, या उतारावर, या पावसात, खत-औषधाशिवाय दुसरं काय पिकवून दाखवता?

आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं. हे महिने जंगल सांभाळतं. शेवळं, कुलूची भाजी, टाकळा, भारंगी. ओढ्यातले मासे, चिंबोऱ्या. कडू करांदे कापून, राखेत उकळून, पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढायचा हे आपल्या बायांना ठाऊक आहे, कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. त्यातूनच चार वाटे बांधून बाया पेणच्या, रोह्याच्या बाजारात बसतात. शहरातली माणसं रानभाजी हौसेनं घेतात. ती आली कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

ज्याला जंगलानं पुरत नाही तो खाली जाऊन दिडीनं धान्य आणतो. मणाला दीड मण परत. म्हणजे पीक उभं असतानाच त्यातला हिस्सा दुसऱ्याचा झालेला असतो. नाचणी घरात येते, दिडी फेडते, चार महिने पोटाला होते. मग दिवाळी. मग ट्रक.

म्हणजे बारा महिन्यांपैकी शेतीवर चार-सहा महिने, जंगलावर दोन-तीन महिने आणि बाकीचे भट्टीवर. तिन्हीपैकी एकही आपल्या नावावर नाही. जमीन फॉरेस्टची, जंगल फॉरेस्टचं, भट्टी शेठची.

जमीन आपली होती की नव्हती

कातकरी हे नावच कातावरून पडलं. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. म्हणजे ज्या जमातीचं नावच जंगलातल्या कामावरून आहे, तिला आज जंगलात अतिक्रमण करणारी म्हणतात.

इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा आणला आणि डोंगर राखीव झाले. हे फक्त इथेच झालं असं नाही. इंडोनेशिया म्हणून लांब समुद्रात बेटांचा देश आहे. तिथेही डोंगरातला शेतकरी आपल्यासारखाच जंगलाचा तुकडा साफ करतो, भाजतो, भात पेरतो आणि मग जमिनीला विसावा देतो. तिथे डचांचं राज्य होतं. त्यांनी १८७० साली कायदा केला की ज्या जमिनीचा मालकी पुरावा कुणाला दाखवता येणार नाही ती सरकारची. डोंगरातल्या माणसाकडे कागद कुठला? जमीन गेली. राजा वेगळा, भाषा वेगळी, पण युक्ती एकच. आधी कागद मागायचा, मग कागद नाही म्हणून जमीन घ्यायची.

आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, डोंगरातली माणसं एकदम हटवता येईनात. मग सरकारनं काही तुकडे नाचणी-वरीसाठी लावून दिले. त्यालाच आपण दळी म्हणतो. दळीची गंमत अशी की ती एका घराला नाही, गटाला दिली. कागदावर नाव एका म्होरक्याचं, कसणारी घरं पाच, दहा, पंधरा. म्होरक्या मेला, त्याच्या वारसाची नोंद कुणी केली नाही, बाकीच्यांची नावं तर कधी लिहिलीच नव्हती. आज नातू दळी कसतो आणि गार्ड विचारतो, तुझं नाव कुठाय?

दुसरी जमीन वरकस. ती सावकाराची, खोताची. आपण ती कसायची, वाटा द्यायचा. १९४८ चा कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा कूळ मालक झाला असं कायदा म्हणतो. पण त्यासाठी कूळ म्हणून नाव लागलेलं पाहिजे. तलाठ्याच्या दप्तरात आपलं नाव किती जणांचं लागलं? बहुतेकांना त्या तारखेला असं काही झालं हेच माहीत नव्हतं. खाली गावातले कुणबी, आगरी भाऊ लढून मालक झाले, त्यांचं आम्हाला वाईट वाटत नाही. आपण मात्र मजूरच राहिलो.

आणि आपण कधी लढलोच नाही असंही कुणी समजू नये. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. जंगलाच्या हक्कासाठी त्यानं जीव दिला. त्याला आता ७८ वर्षं झाली. दर २५ सप्टेंबरला चिरनेरला पुढारी जातात, हार घालतात. घाला, पण नाग्याच्या जातभाईंना सातबारा कधी देणार हेपण त्याच दिवशी सांगा.

भट्टीचा हिशेब

आता हा हिशेब नीट ऐका. आकडे आम्ही सोप्या हिशेबासाठी धरलेत, तुमचे आकडे कमी-जास्त असतील.

समजा नवरा-बायकोनं दिवाळीला १५,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर दर आठवड्याला ५०० रुपये खर्ची. सहा महिन्यांचे २६ आठवडे, म्हणजे १३,००० रुपये. दोन्ही मिळून २८,००० रुपये शेठनं दिले. आता काम. जोडीनं दिवसाला हजार वीट पाडली, आठवड्यातून पाच दिवस, तर १३० दिवसांत १ लाख ३० हजार वीट. हजाराला २५० रुपये धरले तर ३२,५०० रुपये झाले. म्हणजे हातात साडेचार हजार यायला पाहिजेत. बरोबर?

पण जूनला मुकादम वही उघडतो. अवकाळी पाऊस पडला, कच्ची वीट भिजली, ती मोजली नाही. पोरगं तापानं पडलं, आई आठ दिवस कामावर नव्हती. तुटलेली वीट वजा. शेवटी वहीत १ लाखच वीट निघते. २५,००० रुपये. मग काय? ३,००० रुपये अंगावर फिरले. सहा महिने दोघं नवरा-बायको राबले, पोरं माती तुडवत राहिली, आणि घरी येताना कर्ज घेऊन आले. पुढच्या दिवाळीला त्याच शेठकडे जावंच लागतं, कारण अंगावर आहेत. हे ३,००० मजुराला बांधून ठेवायचं दावं आहे.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि असं वेठबिगारीचं कर्ज फेडायचं बंधनच नाही, ते रद्द झालेलं आहे, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. कोळसाभट्टीवर घाटावर, पार कर्नाटकापर्यंत जाणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं, कारण तिथे ओळखीचं कुणी नसतं.

भट्टीवर जाऊच नका असं आम्ही म्हणत नाही. पोट आहे. पण जाणाऱ्या प्रत्येक घरानं स्वतःची वही ठेवा. किती वीट पाडली, किती खर्ची घेतली, तारीख टाका. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सांगा. मुकादमाच्या वहीसमोर आपली वही ठेवली की बोलणं बदलतं.

पाणी, शाळा, दाखला

आपल्या डोंगरावर जेवढा पाऊस पडतो तेवढा मराठवाड्यातल्या माणसाला सांगितला तर खोटं वाटेल. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्या बाया झऱ्यावर वाटी घेऊन रात्र काढतात. पाणी सगळं खाली वाहून जातं. पेण तालुक्यात हेटवणे धरण झालं, त्याचं पाणी नव्या मुंबईला जातं. नव्या मुंबईलाही पाणी पाहिजे, तिथेही माणसंच राहतात. पण धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बाईनं हंडा घेऊन उन्हात का फिरायचं?

वाडीत विहीर मागायला गेलो की म्हणतात, जागा कुणाची? खाजगी असेल तर मालकाची संमती आणा. फॉरेस्टची असेल तर फॉरेस्टची आणा. घरकुल मागितलं तरी तेच. आजाच्या आजापासून आपण राहतो त्या जागेवर खड्डा खणायला दुसऱ्याची परवानगी लागते. म्हणून वाडीचं गावठाण हा आपला दुसरा प्रश्न आहे. आता जमिनीचे भाव वाढलेत. वरकस जमीन मालक विकतो, घेणारा मुंबईचा, त्याला फार्महाऊस पाहिजे. खरेदीखतात आंब्याची झाडं मोजलेली असतात, आपली घरं नसतात. मग एक दिवस तारेचं कुंपण येतं आणि वाडीची वाट बंद होते.

शाळेचं काय सांगायचं! हजेरीपटावर पोरांची नावं असतात आणि वर्गात पोरं नसतात, कारण ती भट्टीवर माती तुडवतायत. जूनला परत येतात तोपर्यंत अक्षरं पुसलेली. चौथीनंतर आश्रमशाळा लांब. पोरगी मोठी झाली की आई तिला धाकट्या भावंडाला सांभाळायला ठेवते. आईला दोष देऊन काय उपयोग? ती कामाला गेली नाही तर खर्ची तुटते.

आणि जातीचा दाखला. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. शाळाच नव्हती तर शाळेचा दाखला कुठून आणायचा? पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. वाडीत येऊन, चौकशी करून, शिबिरात दाखले द्या, ही मागणी आपण सोडायची नाही. कातकरी ही केंद्र सरकारनं आदिम मानलेली जमात आहे. तिच्या प्रत्येक घराला अंत्योदयचं पिवळं कार्ड आणि महिन्याला ३५ किलो धान्य मिळालं पाहिजे, तांदूळ ३ रुपये किलोनं, गहू २ रुपये किलोनं. ज्याला कमी मिळतं त्यानं आज इथेच नाव द्या.

पुढे काय दिसतंय

साथींनो, गेल्या महिन्यात, २१ सप्टेंबरला, पेण तालुक्यात एक मोठी गोष्ट झाली. महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही, हे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांना सरकारला विचारावं लागलं. लोक लढले म्हणून विचारावं लागलं. आपली माणसं त्या लढ्यात मोर्च्याला गेली होती, आणि गेली हे चांगलंच झालं.

पण त्यातून आपण एक शिकायचं. ज्याची जमीन जाणार त्या शेतकऱ्याला विचारलं. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला कोण विचारणार? उद्या डोंगरावर धरण आलं, खाण आली, कंपनी आली, तर आपलं मत कुठल्या खात्यावर नोंदवणार? म्हणून जमिनीचा कागद हा फक्त पिकासाठी लागत नाही. हो किंवा नाही म्हणायचा अधिकार त्या कागदावर अवलंबून आहे.

पुढे वाडीचं काय होईल त्याच्या दोन वाटा आम्हाला दिसतात. एक वाट अशी की दरवर्षी थोडी जास्त घरं भट्टीवर जातील, थोडी कमी परत येतील. दळीवर कुणी नाही बघून फॉरेस्ट रोपवन लावेल. वरकसावर कुंपण पडेल. दहा-वीस वर्षांनी वाडीच्या जागी फार्महाऊस असेल आणि आपली पोरं तिथे माळी असतील.

दुसरी वाट कायद्यातून आणि संघटनेतून जाते. ती आता उघडली आहे, पण कायम उघडी राहील असं कुणी धरून चालू नका.

वनहक्क कायदा: काय करायचं

२००६ चा वनहक्क कायदा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झालेत. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सांगतो.

एक. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आपण कसतो, तिच्यावर आपला हक्क आहे. कसत असाल तेवढी, पण एका कुटुंबाला जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे १० एकर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. बायांनो, हे पक्कं ध्यानात ठेवा. जमीन वारसाला मिळेल, पण विकता येणार नाही. दलालाला हे आवडणार नाही, आपल्याला आवडलं पाहिजे.

दोन. दळीवाल्यांनी फक्त अतिक्रमणदार म्हणून दावा भरू नये. पूर्वी सरकारनं दिलेले पट्टे, लीज, यांचं हक्कात रूपांतर करायची तरतूद याच कायद्याच्या कलम ३(१)(छ) मध्ये आहे. दळी सरकारनं लावून दिली, आपण घुसलो नाही, असंच दाव्यात लिहायचं. आणि म्होरक्याचं एकट्याचं नाव चालणार नाही. दळीवर आज जी जी घरं कसतात त्या सगळ्यांची वंशावळ लावून वेगवेगळी नावं द्यायची. भाऊबंदकीची भांडणं आत्ताच वाडीत बसून मिटवा. चौकशीला माणूस आल्यावर त्याच्यासमोर दोघं भांडले तर दोघांचंही जाईल.

तीन. पुरावा. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. दळीची पावती, मतदार यादी, रेशनकार्ड, घरपट्टी. जमिनीवरचा बांध, झोपडी, सपाट केलेली जागा. जुनी विहीर, स्मशान, देवाचं ठिकाण. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब. तो म्हातारा दावा करणारा नसावा, दुसरा असावा. आणि जुन्या पेट्या उघडा. बापाला गार्डनं दंड केला होता त्याची पावती, कोर्टाच्या तारखेचा कागद. ज्या कागदानं बापाला रडवलं, तोच कागद सांगतो की बाप त्या साली त्याच जमिनीवर होता. दंडाची पावती फाडून टाकू नका.

चार. जंगलावर सगळ्या वाडीचा सामूहिक हक्क. मध, हिरडा, आवळा, कंद, पाला, चराई, ओढ्यातले मासे. हा दावा वेगळ्या फॉर्मवर भरायचा. शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी यांसाठी १ हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते. टहाळ तोडण्यावरून जी रोजची भांडणं होतात ती याच दाव्यातून सुटतील. पण मग जंगल राखायची जबाबदारीही आपली. वणवा लावणाऱ्याला आणि रात्री ट्रकनं लाकूड नेणाऱ्याला वाडीनंच अडवायचं.

पाच. दावा तपासून होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही. गार्ड आला, दमदाटी केली, तर भांडू नका, पळू पण नका. दाव्याची पोच दाखवा. पोच घेतल्याशिवाय दावा कुणाच्या हातात देऊ नका. नामंजूर झाला तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करायचं, तिथे नाही झालं तर जिल्हा समितीकडे.

सहा, आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं ग्रामसभेत होतं. वनहक्क समिती ग्रामसभा निवडते, १० ते १५ माणसं, त्यात निदान एक तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश बाया. आणि ग्रामसभेला दोन तृतीयांश माणूस हजर लागतो. आता सांगा, अर्धी वाडी भट्टीवर असेल तर गणपूर्ती कशी होणार? ग्रामसभा खालच्या गावात भरते, तिथे आपण आधीच थोडे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे ठाणे किंवा नाशिकच्या आदिवासी भागातली पेसाची ग्रामसभा आपल्याला मिळत नाही. म्हणून वाडीची वेगळी ग्रामसभा घ्या, ही मागणी घेऊन आपण तहसीलवर जाणार आहोत.

आपल्या शेजारच्या माळावरच्या गवळी धनगर भावांनाही सोबत घ्या. ते आदिवासी यादीत नाहीत, त्यांना ७५ वर्षांचा पुरावा लागतो. त्यांच्यासाठी जबाब द्यायला आपल्या म्हाताऱ्यांनी जावं. त्यांच्या आज्याला आपला आजा ओळखत होता, याच्यापेक्षा मोठा साक्षीदार कुठला?

मग पोटाचं काय?

तुम्ही म्हणाल, दाव्यासाठी थांबलो तर खायचं काय? प्रश्न बरोबर आहे. आम्ही हवेत बोलत नाही.

रोजगार हमीचा कायदा आपल्या महाराष्ट्रात १९७७ पासून आहे. केंद्राचा कायदा या १ एप्रिलपासून देशातल्या सगळ्या जिल्ह्यांना लागू झाला, आपल्यालाही. घराला वर्षाला १०० दिवस काम. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. आदिवासीच्या स्वतःच्या जमिनीवर बांधबंदिस्ती, फळझाडं, हे काम त्यात बसतं. म्हणजे दळीचा पट्टा झाला तर आपल्याच उतारावर आपण बांध घालू, काजू-आंबा लावू आणि मजुरी सरकार देईल. पाणी अडलं तर खालचा झरा मेपर्यंत टिकेल. हे सगळं एका कागदावर अडलंय.

म्हणून ठराव असा. दिवाळीच्या आत प्रत्येक वाडीनं कामाची मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची. दावा भरल्याशिवाय कुठल्याही घरानं ट्रकमध्ये चढायचं नाही. आणि ज्यांनी उचल घेतलीच आहे, ज्यांना गेल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी घरातलं एक जाणतं माणूस मागे ठेवायचं. मोजणीला, चौकशीला, ग्रामसभेला ते माणूस उभं राहील. मागे राहणाऱ्याच्या पोटाची काळजी वाडीनं घ्यायची, पसाभर नाचणी प्रत्येक घरानं काढायची. भट्टीचा पत्ता, शेठचा फोन नंबर, मुकादमाचं नाव वाडीच्या वहीत लिहून जायचं, म्हणजे ग्रामसभेच्या दिवशी निरोप देता येईल.

जवान पोरांशी

शेवटी मागे उभ्या असलेल्या पोरांशी दोन शब्द. तुमच्यातले काही म्हणतात, नाचणीत काय पडलंय, आम्ही धाटावला कंपनीत लागतो. लागा. आम्ही अडवणार नाही. आम्हालाही वाटतं की पोरगा मशीन चालवायला शिकावा, पोरगी नर्स व्हावी. पण कंपनीत तुम्हाला कोण घेतं? ठेकेदार. किती दिवस? काम आहे तोवर. ज्या दिवशी ठेकेदार म्हणेल उद्यापासून येऊ नको, त्या दिवशी परत यायला जागा पाहिजे की नको? ज्याच्या घरी दोन एकर आहे तो ठेकेदाराला नाही म्हणू शकतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला हो म्हणावंच लागतं. दळी सांभाळा म्हणजे जन्मभर नाचणीच लावा असं नाही. तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवाल, पण ठरवायला पायाखाली जमीन पाहिजे.

आणि एक, हे बायांनी आम्हाला सांगायला लावलंय. उचलीतले पहिले पैसे दारूत जातात. ट्रक यायच्या आधी दारू येते, आणि ती फुकट येत नाही. मुकादमाला शुद्धीतल्या माणसाशी हिशेब करायचा नसतो. बायांचं म्हणणं आहे की दाव्याचे फॉर्म भरायचं काम चालू आहे तोपर्यंत वाडीत दारू बंद. या ठरावाला हात वर करा. पुरुषांचे हात आम्ही वेगळे मोजणार आहोत.

(इथे सगळ्यांनी हात वर केले. ठराव मंजूर झाला.)

साथींनो, हा कायदा आपोआप आलेला नाही. गडचिरोलीपासून ठाण्यापर्यंत, झारखंडपासून गुजरातपर्यंत आपल्यासारखे लोक रस्त्यावर बसले तेव्हा आला. आता तो अंमलात आणायचं काम वाडीवाडीत आहे, आणि ते अलिबागला किंवा मुंबईला बसून कुणी करून देणार नाही. उद्या सकाळपासून कामाला लागा. प्रत्येक वाडीतून एक बाई आणि एक पुरुष, दोघांनी मिळून घरांची यादी करायची: कुणाची दळी, कुणाचा प्लॉट, कुणाची वरकस, कुणाकडे कुठला कागद. येत्या बाजाराच्या दिवशी ती यादी घेऊन पेणच्या किंवा रोह्याच्या जागेवर यायचं. कोरे फॉर्म तिथे मिळतील, भरायला कार्यकर्ते बसतील. एक पैसा कुणाला द्यायचा नाही. कुणी मागितला तर त्याचं नाव आम्हाला सांगा.

वाड्यांची एकजूट जिंदाबाद!
नाग्या कातकरी जिंदाबाद!